इंग्रजीत या गाडीला काय म्हणतात? देशोदेशीच्या वाहननामांसाठी नवख्यांचे मार्गदर्शक

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे काही महिने राहण्यासाठी इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जाणाऱ्या मराठी माणसाला गाड्यांची इंग्रजी नावे शिकायची आहेत असे सहसा वाटत नाही, कारण ती नावे त्याला आधीच येत असतात. बस, ट्रक, बाइक, स्कूटर, ट्रेलर, ट्रॉली, ऑटो हे शब्द आपण लहानपणापासून बोलतो आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. अनोळखी शब्द कानावर पडला तर आपण थांबून विचारतो. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर आपण थांबत नाही आणि समोरचाही थांबत नाही.

विमा दाव्यांच्या कागदपत्रांचे भाषांतर मी बरीच वर्षे करत आलो आहे. सुरुवातीच्या काळात एका जबाबातील ‘फोर व्हीलरने धडक दिली’ हे वाक्य मी अमेरिकेत जाणाऱ्या कागदात शब्द न बदलता ठेवले. तिकडून विचारणा आली, की शेतात चालवायची ती गाडी हमरस्त्यावर कशी आली. आपल्याकडे फोर व्हीलर म्हणजे मोटार. अमेरिकेत ‘फोर व्हीलर’ म्हणजे जाड टायरांची, वरून उघडी, मोटारसायकलीसारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून आणि हँडल धरून चालवायची गाडी, जिला ब्रिटनमध्ये ‘क्वाड बाइक’ म्हणतात. जबाब देणाऱ्याची चूक नव्हती; चूक माझी होती, कारण मी गाडी पाहिली नव्हती, फक्त शब्द पाहिला होता. पुढील पायऱ्या त्या चुकीनंतर हळूहळू ठरत गेल्या आहेत.

पहिली पायरी: नाव बाजूला ठेवून गाडी पाहावी

कोणत्याही वाहनाचे इंग्रजी नाव शोधण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. चाके किती आहेत? गाडी माणसे नेते की माल? तिचे अंग एकसंध आहे, की पुढचा ओढणारा भाग आणि मागचा ओढला जाणारा भाग सांध्याने जोडलेला आहे? मागची बाजू उघडी आहे, की पत्र्याने बंद? या चार उत्तरांतून तयार होणारे साधे वर्णन, म्हणजे ‘तीन चाकांची, मागे उघडा हौदा असलेली, माल नेणारी छोटी गाडी’ असे काहीतरी, सोप्या इंग्रजीत सांगितले तर लंडनमध्येही समजते आणि ह्यूस्टनमध्येही. नेमके नाव आठवले नाही तर वर्णनावर भागवता येते, पण चुकीचे नाव ठामपणे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरीच गाडी उभी राहते. अपघाताची खबर देताना, गाडी भाड्याने घेताना किंवा सामान हलवण्यासाठी वाहन मागवताना हा फरक महागात पडतो.

दुसरी पायरी: देश ठरवावा, पण देशावर विसंबू नये

वाहनांच्या इंग्रजी नावांची दोन मोठी घराणी आहेत, एक ब्रिटिश आणि दुसरे अमेरिकन. आयर्लंड ब्रिटनच्या जवळचे आहे, कॅनडा अमेरिकेच्या जवळचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा पाया ब्रिटिश असला तरी त्यांनी अमेरिकन शब्दही घेतले आहेत आणि स्वतःचेही घडवले आहेत. ऑस्ट्रेलियन माणूस इंग्रजांप्रमाणे ‘बॉनेट’, ‘बूट’ आणि ‘पेट्रोल’ म्हणतो, पण चार दारांच्या मोटारीला अमेरिकनांप्रमाणे ‘सेडान’ आणि मालगाडीला ‘ट्रक’ म्हणतो. आपले भारतीय इंग्रजीही असेच मिश्र आहे. बॉनेट, पेट्रोल, सायलेन्सर, नंबर प्लेट हे शब्द ब्रिटिशांकडून आले, तर सेडान, एसयूव्ही हे मोटारींच्या जाहिरातींतून अमेरिकेकडून आले. ट्रक हा शब्द महाराष्ट्रात रुजला, तमिळनाडूत मात्र लोक आजही ‘लॉरी’ म्हणतात. म्हणून ‘हा देश ब्रिटिश पद्धतीचा आहे, तेव्हा सगळे शब्द ब्रिटिश असतील’ असे गृहीत न धरता प्रत्येक शब्दाची स्वतंत्र चौकशी करावी.

तिसरी पायरी: घरच्या मोटारीपासून सुरुवात करावी

चार दारे आणि मागे सामानासाठी वेगळा कप्पा असलेली मोटार अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे ‘सेडान’ आहे. ब्रिटनमध्ये तिला ‘सलून’ म्हणतात. मराठी कानाला सलून म्हणजे केस कापण्याचे दुकान वाटते, पण त्या दुकानाचा शब्द इंग्रजीत थोड्या वेगळ्या उच्चाराचा ‘सॅलाँ’ आहे. आपल्या रेल्वेत अधिकाऱ्यांच्या तपासणी दौऱ्यासाठी जोडल्या जाणाऱ्या खास डब्यालाही सलून म्हणतात. मोटारीचे ब्रिटिश नाव त्याच शब्दाचे, म्हणजे बसण्याच्या प्रशस्त दालनाचे. अमेरिकेत मात्र ‘सलून’ म्हटल्यावर जुन्या काळातील पश्चिम अमेरिकेचे मद्यगृह आठवते, मोटार नाही.

छप्पर शेवटपर्यंत सरळ नेऊन मागे सामानाची लांब जागा केलेली मोटार ब्रिटनमध्ये ‘इस्टेट’ असते. मराठीत इस्टेट म्हणजे जमीनजुमला, त्यामुळे ब्रिटनमधील जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती पहिल्यांदा वाचणारा गोंधळतो. अमेरिकेत याच मोटारीला ‘स्टेशन वॅगन’ आणि ऑस्ट्रेलियात नुसते ‘वॅगन’ म्हणतात. मागचे दार काचेसह वर उघडणारी छोटी ‘हॅचबॅक’ सगळीकडे हॅचबॅकच आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. दोन दारांची ‘कूपे’ ब्रिटनमध्ये फ्रेंच उच्चाराने ‘कूपे’ राहते आणि अमेरिकेत बहुतेक जण तिला ‘कूप’ म्हणतात.

सात-आठ माणसे बसतील अशी कौटुंबिक गाडी अमेरिकेत ‘मिनिव्हॅन’, ब्रिटनमध्ये ‘पीपल कॅरियर’ किंवा ‘एमपीव्ही’ आणि ऑस्ट्रेलियात ‘पीपल मूव्हर’ असते. ‘व्हॅन’ हा शब्द मात्र जपून वापरावा. आपल्याकडे शाळेची मुले व्हॅनने जातात. ब्रिटनमध्ये नुसते ‘व्हॅन’ म्हटले तर मागे खिडक्या नसलेली, सुतार, नळकारागीर किंवा घरपोच सामान पोहोचवणारे वापरतात ती मालाची बंद गाडी डोळ्यांसमोर येते.

उंच, दणकट गाड्यांबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडे लांबी 4 मीटरच्या आत आणि इंजिन लहान ठेवले तर कर कमी लागतो, त्यामुळे छोट्या उंच मोटारींनाही एसयूव्ही म्हणून विकण्याचा प्रघात पडला आहे. अमेरिकेत एसयूव्ही म्हटल्यावर समोरचा याहून बरीच मोठी गाडी गृहीत धरतो. पाच माणसे आणि चार मोठ्या बॅगा मावतील का, हे ठरवताना वर्गाचे नाव न पाहता आसनांची संख्या आणि सामानाची जागा विचारावी. ब्रिटनमध्ये अशा गाडीला ‘फोर बाय फोर’ आणि ऑस्ट्रेलियात ‘फोर व्हील ड्राइव्ह’ असेही म्हणतात. शहरात ज्यांना अशा गाडीची गरज नाही ते लोक ती वापरतात, या नाराजीतून लंडनमध्ये ‘चेल्सी ट्रॅक्टर’, मेलबर्नमध्ये ‘टुराक ट्रॅक्टर’ आणि ऑकलंडमध्ये ‘रेम्युएरा ट्रॅक्टर’ अशी नावे पडली आहेत. तिन्ही नावांत त्या त्या शहरातील श्रीमंत वस्तीचा उल्लेख आहे. ही नावे ऐकून समजावीत, पण परक्याच्या गाडीबद्दल स्वतः वापरू नयेत.

चौथी पायरी: मालवाहू गाड्यांसाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा

अमेरिकेत शेजारी ‘माझा ट्रक’ म्हणाला तर तो आपल्या घाटातून जाणाऱ्या दहा चाकी ट्रकबद्दल बोलत नसतो. पुढे बसायला जागा आणि मागे उघडा हौदा असलेल्या ‘पिकअप’ला तिथे रोजच्या बोलण्यात ‘ट्रक’ म्हणतात आणि ती अनेक घरांची रोजची गाडी असते. सुदैवाने आपल्या मराठीत ‘पिकअप’ हा शब्द भाजीपाला आणि दूध नेणाऱ्या गाड्यांमुळे गावोगाव रुजला आहे, त्यामुळे वस्तू ओळखीची आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हीच गाडी ‘यूट’ असते, आणि दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स भाषेतून आलेली ‘बकी’.

‘यूट’ हे ‘युटिलिटी’चे छोटे रूप आहे आणि त्यामागची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून अशी गाडी मागितली होती, की जिच्यातून रविवारी कोरडे राहून चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील, असे सांगितले जाते. फोर्डच्या जिलाँग येथील कारखान्यातील तरुण रचनाकार ल्यू बँट यांनी मोटारीचा पुढचा भाग आणि मालाचा हौदा एकाच अखंड बांधणीत आणला आणि 1934 मध्ये ही गाडी बाजारात आली. एका घरासाठी दोन कामे करणारी एक गाडी, हा यूटचा अर्थ आजही टिकून आहे.

आपण ज्याला ट्रक म्हणतो, त्या मोठ्या एकसंध मालगाडीला ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘लॉरी’ म्हणतात. सिंगापूर आणि मलेशियातही हाच शब्द भेटतो. ब्रिटनमध्ये ‘ट्रक’ हा शब्दही आता सर्रास ऐकू येतो, तेव्हा तो बोललात तर कोणी अडखळणार नाही. चालकासाठी मात्र तीन देशांत तीन नावे आहेत: ब्रिटनमध्ये ‘लॉरी ड्रायव्हर’, अमेरिकेत ‘ट्रकर’ आणि ऑस्ट्रेलियात ‘ट्रकी’.

आता सांध्याच्या गाड्या. पुढे इंजिन आणि चालकाची केबिन असलेला ओढणारा भाग, मागे त्याच्यावर टेकलेला लांब सांगाडा, अशी ही रचना आहे. ब्रिटनमध्ये संपूर्ण गाडी ‘आर्टिक्युलेटेड लॉरी’, बोलण्यात नुसती ‘आर्टिक’. अमेरिकेत ‘ट्रॅक्टर-ट्रेलर’, ‘सेमी’ किंवा ‘एटीन व्हीलर’, आणि ‘सेमी’चा उच्चार तिथे बहुधा ‘सेमाय’ असा ऐकू येतो. अठरा हा आकडा असा जमतो, की ओढणाऱ्या भागाला 10 आणि मागच्या सांगाड्याला 8 चाके असतात. अमेरिकेतील ‘ट्रॅक्टर-ट्रेलर’ या नावातील ‘ट्रॅक्टर’ म्हणजे शेतातला ट्रॅक्टर नव्हे, तो ओढणारा भाग. त्याच भागाला ब्रिटनमध्ये ‘ट्रॅक्टर युनिट’, ऑस्ट्रेलियात ‘प्राइम मूव्हर’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘हॉर्स’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील एखाद्या वाहतूकदाराने ‘घोडा बिघडला’ असे इंग्रजीत लिहिले असेल, तर त्याचा अर्थ इंजिनाचा भाग बंद पडला असा घ्यावा.

आपल्या वर्तमानपत्रांत ‘घाटात ट्रेलर उलटला’ किंवा ‘कंटेनरची दुचाकीला धडक’ अशा बातम्या नेहमी येतात. मराठीत या दोन्ही शब्दांनी संपूर्ण गाडी समजली जाते. परदेशी इंग्रजीत ‘ट्रेलर’ म्हणजे फक्त मागे ओढला जाणारा भाग आणि ‘कंटेनर’ म्हणजे फक्त त्यावर ठेवलेली लोखंडी पेटी. ‘कंटेनरने धडक दिली’ याचे शब्दशः इंग्रजी केले, तर पेटी गाडीवरून घसरून कोणाच्या अंगावर पडली असा समज होऊ शकतो, आणि विम्याच्या दृष्टीने ती पूर्णपणे वेगळी घटना आहे. अमेरिकेत ‘ट्रेलर’चा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे चाकांवरून आणून एका जागी बसवलेले राहते घर.

ऑस्ट्रेलियात याहूनही मोठ्या गाड्या दिसतात. एका ओढणाऱ्या भागाला दोन सांगाडे विशिष्ट सांध्याने जोडले की ‘बी-डबल’ होते, आणि देशाच्या आतल्या विरळ वस्तीच्या भागांत तीन किंवा अधिक सांगाडे जोडलेली ‘रोड ट्रेन’ 53.5 मीटरपर्यंत लांब असू शकते. ब्रिटनमधील आर्टिकची नेहमीची कमाल लांबी 16.5 मीटर आहे, हे शेजारी ठेवले म्हणजे अंदाज येतो. भारतात दोन पदरी रस्त्यावर ट्रक ओलांडण्याची सवय असलेल्या चालकाने रोड ट्रेन ओलांडताना ही लांबी मनात धरलीच पाहिजे, कारण तिथे तो शब्द माहीत असणे म्हणजे समोर किती मोकळा रस्ता लागेल हे माहीत असणे आहे.

ब्रिटनमध्ये अवाढव्य लॉरीला ‘जगरनॉट’ही म्हणतात. हा शब्द आपल्या जगन्नाथाचा आहे. पुरीच्या रथयात्रेतील प्रचंड रथांची वर्णने युरोपीय प्रवाशांनी नेली, त्यातून इंग्रजीत अडवता न येणाऱ्या ताकदीसाठी हा शब्द रूढ झाला आणि पुढे तो रस्त्यावरच्या मोठ्या लॉरीवर बसला.

पाचवी पायरी: आपल्या कोणत्या शब्दांना परदेशी अर्थ नाही ते ओळखावे

ही पायरी बहुतेक शब्दसंग्रहांत नसते, म्हणून येथे थोडे थांबतो. आपल्या रस्त्यांवरची कितीतरी नावे इंग्रजी वाटतात, पण ती मुळात कोण्या एका कंपनीची किंवा गावाची नावे आहेत आणि भारताबाहेर त्यांना तो अर्थ नाही.

‘टेम्पो’ हे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका वाहनकंपनीच्या गाड्यांचे नाव. तिच्या सहकार्याने 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या तीनचाकी मालगाड्या इतक्या पसरल्या, की पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याही टेम्पोच झाल्या. कंपनीचे नाव आता फोर्स मोटर्स आहे, शब्द मात्र राहिला. इंग्रजांना ‘टेम्पो’ म्हणजे संगीताची लय. बंद मालाच्या छोट्या टेम्पोसाठी ‘स्मॉल व्हॅन’ आणि उघड्यासाठी ‘स्मॉल पिकअप’ किंवा ‘स्मॉल ट्रक’ असे म्हणावे.

बांधकामावरच्या यंत्रांत तर अशी नावे जागोजागी आहेत. ‘पोकलेन’ हे पोक्लाँ या फ्रेंच कंपनीचे नाव; परदेशात त्या खोदयंत्राला ‘एक्स्कॅव्हेटर’ आणि ब्रिटनच्या बोलीत ‘डिगर’ म्हणतात. ‘जेसीबी’ हे जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून पडलेले ब्रिटिश कंपनीचे नाव, त्यामुळे ब्रिटनमध्ये तो शब्द आपल्यासारखाच समजतो, पण अमेरिकेत पुढे फावडे आणि मागे खोदण्याचा हात असलेल्या या यंत्राला ‘बॅकहो’ म्हणावे लागते. वाळू आणि खडी नेणाऱ्या गाडीला आपल्याकडे ‘हायवा’ म्हणतात, ते हौदा उचलणारी यंत्रणा बनवणाऱ्या डच कंपनीच्या नावावरून. हायवा किंवा डंपरला ब्रिटनमध्ये ‘टिपर लॉरी’, अमेरिकेत ‘डंप ट्रक’ आणि ऑस्ट्रेलियात ‘टिप ट्रक’ म्हणावे. ब्रिटनमध्ये ‘डंपर’ म्हटले तर बांधकामाच्या आवारात फिरणारी, चालकाच्या पुढे हौदा असलेली छोटी गाडी समजली जाण्याची शक्यता आहे.

‘स्टेपनी’ हा शब्द ब्रिटनमधला असूनही आज सामान्य इंग्रजाला कळत नाही. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास जादा चाक बनवायला घेतले, कारण तेव्हाच्या मोटारींबरोबर जादा चाक येतच नसे. शब्द आपल्याकडे टिकला आणि मायदेशी विसरला गेला. ब्रिटनमध्ये ‘स्पेअर व्हील’ आणि अमेरिकेत ‘स्पेअर टायर’ असे मागावे. ‘डिकी’ची गोष्टही अशीच आहे. ते पूर्वीच्या गाड्यांच्या मागच्या बाहेरील बैठकीचे ब्रिटिश नाव. आज सामानाच्या कप्प्याला ब्रिटनमध्ये ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’ म्हणतात. मराठीत बूट पायात असतो आणि ट्रंक पत्र्याची पेटी असते. दुसरी गोष्ट उपयोगाची आहे, कारण जुन्या मोटारींच्या मागे खरोखरच प्रवासाची पेटी बांधलेली असे आणि अमेरिकन शब्द तिथूनच आला.

‘ऑटो’ हा सर्वांत फसवा शब्द म्हणावा लागेल. मुंबई-पुण्यात आपण रिक्षा म्हणतो, पण परप्रांतीयांशी बोलताना ऑटो म्हणण्याची सवय जडते. अमेरिकेत ‘ऑटो’ म्हणजे मोटार, म्हणून ‘ऑटो इन्शुरन्स’ म्हणजे मोटारीचा विमा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ‘ऑटो’ म्हणजे आपोआप गिअर बदलणारी मोटार. भाड्याची गाडी घेताना ‘ऑटो की मॅन्युअल’ असे विचारले तर प्रश्न गिअरचा आहे. आपल्या रिक्षाचे वर्णन करायचे झाल्यास ‘ऑटोरिक्षा’ पूर्ण म्हणावे, आणि तरीही चेहऱ्यावर प्रश्न दिसला तर थायलंडमुळे सर्वत्र पोहोचलेला ‘टुकटुक’ हा शब्द मदतीला येतो.

‘बाइक’ आपल्याकडे मोटारसायकल असते. परदेशात संदर्भ नसताना ‘बाइक’ म्हणजे बहुधा पायडलची सायकल, आणि ‘बाइक लेन’ ही सायकलींसाठी राखलेली पट्टी असते, मोटारसायकलने त्यात शिरू नये. ‘स्कूटर’ म्हटले की मुलांची एका पायाने ढकलायची गाडी, उभे राहून चालवायची विजेची गाडी किंवा चालता न येणाऱ्या वृद्धांची आसनगाडी यांपैकी काहीही असू शकते. ‘टू व्हीलर’ हा शब्द तर कागदावर लिहूच नये; मोटारसायकल असेल तर ‘मोटरसायकल’ असे स्पष्ट लिहावे.

सहावी पायरी: प्रवासी वाहने आणि रेल्वे

‘ट्रॅव्हल्सने आलो’ किंवा ‘लक्झरीने आलो’ या वाक्यांतील खासगी लांब पल्ल्याची बस ब्रिटनमध्ये ‘कोच’ असते. शहरात थांबत थांबत जाणारी ती ‘बस’. अमेरिकेत दोन्हीला ‘बस’ म्हणून चालते, आणि विमानाच्या तिकिटावर ‘कोच’ लिहिले असेल तर तो साधा वर्ग असतो. एसटी हे नाव अर्थातच आपल्यापुरते आहे.

लंडनमध्ये ‘टॅक्सी’ म्हणजे रस्त्यावर हात करून थांबवता येणारी परवानाधारक काळी गाडी. ‘मिनिकॅब’ आधी बोलावूनच घ्यावी लागते आणि रस्त्यावर हात केल्यावर थांबणाऱ्या मिनिकॅबमध्ये बसू नये. दक्षिण आफ्रिकेत ‘टॅक्सी’ म्हणजे ठरलेल्या मार्गावर माणसे भरत जाणारी मिनिबस. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला ‘वडाप’ म्हटले की ती लगेच समजेल.

‘सबवे’ या शब्दात मुंबईकर नकळत ब्रिटिश आहे. अंधेरीचा सबवे पावसात भरतो, म्हणजे रुळांखालचा भुयारी रस्ता भरतो, आणि ब्रिटनमध्येही सबवे म्हणजे असाच खालून जाणारा मार्ग, बहुधा पादचाऱ्यांचा. न्यूयॉर्कमध्ये ‘सबवे’ म्हणजे भुयारी रेल्वे. लंडनमध्ये तिच्यासाठी ‘अंडरग्राउंड’ किंवा ‘ट्यूब’ असे म्हणतात. ग्लासगो हा अपवाद आहे, तिथली भुयारी रेल्वे सबवेच म्हणवते. रेल्वेचा डबा ब्रिटनमध्ये ‘कॅरेज’ आणि अमेरिकेत ‘कार’, म्हणून न्यूयॉर्कच्या फलाटावर ‘पुढच्या कारमध्ये या’ असे ऐकले तर मोटार शोधू नये.

मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. ब्रिटन आणि मेलबर्नमध्ये ती ‘ट्राम’ आहे, टोरांटोमध्ये ‘स्ट्रीटकार’ आणि अमेरिकेच्या काही शहरांत ‘ट्रॉली’. आपल्याकडे ट्रॉली उसाची असते आणि ट्रॅक्टरमागे जाते. तिला परदेशात ‘ट्रेलर’ म्हणतील. ब्रिटनमध्ये ‘ट्रॉली’ दुकानात सामान ढकलायची असते, तिला अमेरिकेत ‘कार्ट’ म्हणतात. ‘केबल कार’ सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी, 1873 पासूनची रुळांवरची गाडी आहे. ब्रिटनमध्ये ‘केबल कार’ म्हणजे रायगडावर आहे तसा हवेतला रोपवे.

नातवंडांसाठी जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी एक शब्द वेगळा सांगतो. बसलेल्या बाळाची बाबागाडी ब्रिटनमध्ये ‘पुशचेअर’ किंवा ‘बगी’, निजलेल्या तान्ह्या बाळाची ‘प्रॅम’, आणि अमेरिकेत बहुतेक वेळा ‘स्ट्रोलर’ असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘बगी’ ही दुकानातली ढकलगाडी आहे. सकाळी दारावर येणाऱ्या घंटागाडीसाठी ब्रिटनमध्ये ‘बिन लॉरी’ आणि अमेरिकेत ‘गार्बेज ट्रक’ असे विचारावे.

सातवी पायरी: कागदावर शब्दाऐवजी वजन वाचावे

परवाना, विमा आणि भाडेकरार यांत ‘हलके’ आणि ‘जड’ या शब्दांवर विसंबू नये, कारण प्रत्येक देशाने रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा 7,500 किलो आहे. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचा साधा परवाना सर्वसाधारणपणे 3,500 किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो आणि त्यापुढची गाडी जड मालवाहनात जाते. अमेरिकेत वजनाच्या कसोटीवर व्यावसायिक परवाना साधारणपणे 26,001 पौंडांपासून, म्हणजे सुमारे 11,800 किलोंपासून लागतो. म्हणजे घर बदलताना सामानासाठी मालासह एकूण साधारण 5 टन वजनाची गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर अमेरिकेत ती बहुधा साध्या परवान्यावर चालवता येते, ब्रिटनमध्ये मात्र येत नाही.

‘टन’ हा शब्दही एक नाही. आपला मेट्रिक टन 1,000 किलोचा, अमेरिकेचा टन 2,000 पौंडांचा म्हणजे सुमारे 907 किलोचा आणि जुना ब्रिटिश टन 2,240 पौंडांचा म्हणजे सुमारे 1,016 किलोचा. अमेरिकेत पिकअपला ‘हाफ टन’ म्हणतात ते तिच्या वर्गाचे जुने नाव आहे. आजच्या गाड्या त्याहून अधिक भार घेतात, म्हणून भाराचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर वाचावा. गाडी ताब्यात घेताना त्या पट्टीचे आणि नंबर प्लेटचे छायाचित्र काढून ठेवावे. नंबर प्लेटला अमेरिकेत ‘लायसन्स प्लेट’ म्हणतात, त्यामुळे रस्त्यात अडचण आली आणि मदत केंद्रावरील व्यक्तीने फोनवर ‘लायसन्स प्लेट’ विचारली, तर खिशातला परवाना न काढता छायाचित्रातला क्रमांक वाचून दाखवावा.